आलेल्यांची जागा

आमचं ऑफिस पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. माझ्या टेबलावर कायम पिठाचा थर असायचा. कुणी देणगीदार आला की मी आधी ओढणीनं खुर्ची पुसायचे आणि मग त्याला जंगलाविषयी सांगायला लागायचे. संस्था अगदी छोटी. बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष, एक हिशेबनीस आणि मी. शहरातल्या लोकांकडून पैसे घ्यायचे आणि पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांना द्यायचे, त्यांनी आपला उघडा पडलेला डोंगर राखावा म्हणून. झाडं लावायची नाहीत, फक्त कुऱ्हाड आणि गुरं बाहेर ठेवायची. तोडलेल्या खोडांना जमिनीखाली जीव असतो. काही पावसाळे कुणी हात लावला नाही, तर ती आपली आपण फुटतात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

देणगीदारांना ते पटायचं नाही. त्यांना खड्डा, रोप, झारी आणि फोटो हवा असायचा. "म्हणजे काहीच न करण्याचे पैसे?" असं एका डॉक्टरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही नाही का, 'आराम करा' असं सांगण्याचे घेत?" अध्यक्षांनी नंतर मला चांगलंच झापलं. डॉक्टरांनी मात्र तिथल्या तिथे चेक फाडला.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलेलं असतानाची. सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीकडे, एका पाड्याचा डोंगर आम्ही घेतला होता. 'घेतला' हा आमचा शब्द. डोंगर तिथंच होता, घेतले होते आम्ही फक्त अंगठे आणि सह्या. एसटीनं सुरगाण्यापर्यंत, तिथून जीपनं आणि शेवटी पायी असं जावं लागायचं. भात आणि नागलीवर वर्ष निघत नाही, म्हणून भाताची कापणी झाली की द्राक्षबागांकडची एक जीप पाड्यावर यायची. कामाची माणसं टपावरसुद्धा बसून जायची. मागे उरायच्या म्हाताऱ्या, शेळ्या आणि बंद दारं.

डोंगराला राखणदार नेमायचा होता, आणि पाड्यानं एका विधवेचं नाव सुचवलं. मी जराशी नाराज होते, कारण मला कुणी धडधाकट माणूस हवा होता. ती होती पंचविशीच्या आतबाहेरची, काटकुळी, कडेवर पोरगी. तिचा नवरा आदल्या हिवाळ्यात त्या जीपमधून गेला आणि बागेवरच तापानं गेला. त्याला तिकडेच जाळलं. मुकादमानं परत येताना त्याचा शर्ट आणि घोंगडी तेवढी आणून दिली.

"मला राखण द्या," ती मला म्हणाली. "दीर सांगतो, यंदा तू जीपमधी बस. मी बसले तं मी बी शर्ट होऊन येईन, बाई."

ती रडत नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती. राखणीचं मानधन थोडंसंच होतं, पण त्यात तिचं आणि पोरीचं भागणार होतं. एवढ्यावर ती जीपमध्ये बसणार की नाही ते ठरणार होतं. मी तिचा अंगठा घेतला.

त्याच महिन्यात पाड्यावरचा आजा माझ्याकडे आला. सगळे त्याला आजाच म्हणायचे. लाकूडकाम त्याच्याकडे, आणि देवाधर्माचा शब्दही त्याचाच. त्या पाड्याची एक रीत होती. दुसऱ्या पाड्यावर विचारलं तर नाही म्हणतील. माणूस बाहेर मेला आणि त्याची राखही परत आली नाही, तर त्याच्या नावाचा सागाचा खांब कोरायचा. वर चंद्र-सूर्य, खाली माणूस. मेलेला त्या लाकडात येऊन बसतो. वर्षं जातात, लाकूड कुजतं, तोही जातो आणि घर मोकळं होतं.

"एक साग तोडायचा हाय," आजा म्हणाला. "तिच्या नवऱ्यासाठी."

मी करार काढून दाखवला. उभं झाड तोडायचं नाही ही पहिली अट होती, आणि आजही मी तीच पहिली घालीन. एकाला एक साग दिला की दुसऱ्याच्या घराला वासा लागतो. मी म्हटलं, "आजा, फांदी घ्या. तोडलेलं, पडलेलं काहीही घ्या. उभं झाड नको." त्यानं डोंगरावरून एक फेरी मारली. मग त्यानं कुंपणाच्या कडेच्या काकडाच्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी उतरवली, एक बाजू तासली आणि त्यावर चंद्र-सूर्य आणि माणूस कोरला. पावसाच्या आधी तो खांब डोंगराच्या खालच्या उतारावर, जीपच्या रस्त्याकडे तोंड करून पुरला. घरी येणाऱ्याला आपलं तोंड ओळखू यावं म्हणून तसंच पुरतात. मला वाटलं, विषय मिटला.

श्रावणात निरोप आला, 'बाई, बघून जा.'

खांबाला पानं आली होती. खांब माणसाच्या उंचीचा. तासलेल्या बाजूला चेहरा, त्याचे खोल कोरलेले डोळे, डोळ्यांच्या वर एकीकडे सूर्य आणि एकीकडे चंद्र. त्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्याच्या जागी, हिरवेगार फुटवे. पाऊस पडत होता आणि ती पानं हलत होती. पाड्यावरचं एकही माणूस जवळ उभं नव्हतं, सगळी लांब शेताच्या बांधावर. फक्त तिची पोरगी खांबापाशी जाऊन खालची पानं हातानं ओढत होती, आणि तिला उचलून आणायची कुणाची हिंमत होत नव्हती. शेवटी मी गेले आणि उचलून आणली. खोटं कशाला बोलू, मीही त्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"काकड असंच असतं," मी आजाला सांगितलं. "कुंपणाला लावलेले खुंटही फुटतात. तुम्हाला काय मी सांगायचं?"

"खुंट फुटतो," आजा म्हणाला. "माणूस नाय फुटत."

त्याची अडचण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सागाचा खांब कुजतो म्हणून मेलेला सुटतो. हा कुजणार कधी? हा तर वाढणार. आजा त्या पावसात घोंगडी पांघरून खांबासमोर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. मग त्यानं निकाल दिला. हा नुसता बसायला आलेला नाही, हा पुरता घरी यायला निघालाय. साल वाढत जाईल आणि कोरलेले डोळे झाकत जाईल. डोळे मिटले की तो पोचला. तोवर तो वाटेत आहे, आणि वाटेतल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हाक ऐकून तो वळून बघेल आणि परत तिकडेच जाईल. डोळे मिटल्यावर एकदा मोठ्यानं हाक मारायची, आणि मग सगळं संपलं.

एखादी रीत किती जुनी आहे, असं शहरातले लोक मला फार विचारतात. ही रीत माझ्यादेखत जन्माला आली, आणि ती आमच्या करारातल्या एका अटीमुळे आली.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी खांब लागले. काही नव्या मेलेल्यांचे, पण बरेचसे जुन्यांचे. कुणाचा भाऊ वीटभट्टीवर गेलेला, कुणाची आई उसाच्या फडात. सागाचा खांब परवडला नव्हता, आता काकडाची फांदी फुकट होती. जो फुटायचा त्याला म्हणायचे 'आला'. जो वाळायचा तो पुढच्या वर्षी पुन्हा लावायचे. हळूहळू तिथं राईच झाली. पाडा त्या जागेला आलेल्यांची जागा म्हणायला लागला. पावसाळ्यात ती जागा नुसती हिरवी दिसायची. उन्हाळ्यात काकड पानं टाकतो, आणि मग सगळे चेहरे उघडे पडायचे, सगळे एकाच दिशेला, जीपच्या रस्त्याकडे बघणारे.

एव्हाना आमच्या धंद्यात कार्बन आला होता. जगात कुठंतरी कुणीतरी धूर सोडायचा, तो सुरगाण्याच्या डोंगरानं गिळायचा आणि गिळल्याबद्दल पैसे मिळवायचे, असं अध्यक्षांनी मला समजावलं. मी म्हटलं, "म्हणजे खाणारा एक आणि पथ्य पाळणारा दुसरा." पण माझं तोंड कितीही चाललं तरी पैसे हवे होतेच. मुंबईच्या एका ऑफिसकडून ते येणार होते. त्यांची अट अशी, की झाडं मोजायची. नकाशावर चिठ्ठ्या टाकून डोंगराचे काही तुकडे निवडायचे, त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि दर वर्षी परत मोजायचा. चिठ्ठीत एक तुकडा नेमका आलेल्यांच्या जागेवर पडला.

मोजायला मी जायचे, टेपचं दुसरं टोक आमची राखणदार धरायची. वरच्या उतारावर आम्ही गप्पा मारत मोजायचो. पोरीचे दात, माझ्या सासूचे गुडघे, काहीही. त्या राईत शिरलो की दोघी गप्प. छातीच्या उंचीवर टेप लावला की तो बरोबर कोरलेल्या तोंडांवरून जायचा. खोड जाड होईल तसे चेहरे रुंद होत होते. ओठ फाकत होते, डोळे दोन्हीकडून आत ओढले जात होते. काहींच्या डोळ्यांतून डिंक आलेला असायचा आणि त्याला मुंग्या लागलेल्या. टेप काढताना तो बोटांना चिकटायचा. घरी येऊन साबणानं घासला तरी तो वास दोन दिवस जायचा नाही. मी काही देवभोळी नाही. तरी मी प्रत्येक वेळी टेप काढताना 'येते' म्हणायचे, आणि ती मान हलवायची.

सगळ्या डोंगरात तो तुकडा सगळ्यात जोमानं वाढत होता. साग-ऐन रांगत होते आणि काकड धावत होते. मुंबईला आकडे गेले आणि तिकडून एक साहेब पाहणीला आले.

उन्हाळ्याचे दिवस होते. माणूस वाईट नव्हता. तरुण, चष्मेवाला, मराठी आमच्यासारखंच. चालून दमला होता. त्यानं कौतुकानं राईकडे पाहिलं, खांद्यावरची बॅग एका काकडाच्या फुटव्याला अडकवली आणि पाणी प्यायला. ज्याला बॅग अडकवली त्याची बायको समोरच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. कोरलेले चेहरे ही पाड्याची कला असेल, असं साहेबांना वाटलं, आणि मी आजाला विचारल्याशिवाय सांगणार नव्हते. बैठक बसली. साहेब हसत म्हणाले, "ही पद्धत फारच छान आहे. खर्च नाही, रोपवाटिका नाही. आजोबा, पुढच्या वर्षी असे किती लावणार?"

बसलेल्या बाया राईकडे बघायला लागल्या.

"किती लागतील ते आमच्या हातात नाय, साहेब," आजा म्हणाला.

"हातात कसं नाही? फांद्या तर भरपूर दिसतायत. हा सगळा उतार असा भरला पाहिजे. तुम्ही तेवढे लावा, पुढच्या टप्प्याची मंजुरी मी आणतो."

एक म्हातारी उठली आणि घरात गेली. मागोमाग दुसरी. मी साहेबांना बाजूला नेलं आणि ती कसली राई आहे ते सांगितलं. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं. मग जाऊन ती उतरवली, आणि कुठं ठेवावी ते न कळून दुपारभर हातातच धरून फिरले. निघताना त्यांनी आजाला वाकून नमस्कार केला.

जाण्याआधी मी माझ्या परीनं एक खटपट केली. आजाला म्हटलं, "चेहरे कोरू नका. नुसत्या फांद्या लावा, झाड म्हणून. राखण चालू राहील." ती माझ्या शेजारीच उभी होती, कारण राखण म्हणजे तीच.

"त्या जागेत रिकामा खांब लावायचा नाय," आजा म्हणाला. "रिकामा खांब माणूस मागतो. कोणाला देऊ, तूच सांग."

मी चपला घातल्या आणि साहेबांच्या मागोमाग निघाले. पावसाळा सरता सरता मुंबईहून फोन आला. साहेब फार अवघडून बोलत होते. मोजणीच्या तुकड्यात स्मशानासारखं काही असणं त्यांच्या वरिष्ठांना चालणार नव्हतं. दुसरा टप्पा रद्द झाला, आणि त्याबरोबर राखणही. अध्यक्ष म्हणाले, "आपण दुसरा डोंगर बघू." मी त्या दिवशी गिरणीचा जिना उतरताना रागानं इतकी रडले, की गिरणीवाल्यानं मला स्टुलावर बसवून चहा दिला. त्याला पिठं भरायला एक बाई हवी होती. मी लगेच म्हटलं, "मी आणते."

हे तिला सांगायला मी गेले तेव्हा कापणी होऊन गेली होती. पायथ्याशी जीप उभी होती आणि लोक चढत होते. ती दिसली. गाठोडं डोक्यावर, पोरीचा हात धरलेला, मागे दीर. मी धावत गेले. "नाशिकला चल," म्हटलं. "काम आहे, राहायची सोय आहे."

"थांबा जरा, बाई," ती म्हणाली. इतकी शांत होती की मी घाबरले.

ती जीपपाशी गेली आणि एक पाय वर ठेवला. आतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तिच्या शेजारची उतरली. दुसऱ्या बाजूची उतरली. टपावरचे बाप्ये उड्या मारून खाली आले. बघता बघता जीप रिकामी झाली आणि ती एकटी पायरीवर पाय ठेवून उभी. मुकादम ओरडायला लागला. कुणीतरी त्याच्या कानाशी काही सांगितलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, राईकडे पाहिलं आणि तिच्या दिराला म्हणाला, "हिला घेऊन जा. माझ्या गाडीत नाय बसवायची."

ती मला राईत घेऊन गेली. तिच्या नवऱ्याच्या काकडाशेजारी एक नवा खांब होता. चंद्र-सूर्य वेडेवाकडे, खाली अंबाडा घातलेली बाई. तिनंच पावसाच्या आधी, जंगलात एकटीनं कोयत्यानं कोरला होता. आजाला कळलं तोवर त्याला पानं आली होती.

"आता मी गेलेली हाय," ती म्हणाली. "गेलेलं माणूस जीपमधी कसं बसंल?"

आजा तिकडे पाठ करून बांधावर बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. तो फार थकलेला दिसला. "हिनं खांब लावला, तो फुटला, म्हणजे ही निघाली," तो म्हणाला. "जितं माणूस असं कधी निघालं नाय. काय करावं?" मग त्यानं जे इतरांना लागू तेच तिलाही लावलं. डोळे मिटेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. तिच्यासोबत जेवायचं नाही. पोरीनं घरात, दार लावून, हळू आवाजात आई म्हटलं तर चालेल, बाहेर नाही. आणि डोळे मिटल्यावर काय, असं मी विचारलं. आजानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

नाशिकला ती आली नाही. मी पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा. माणसांत राहून मेल्यासारखं जगायचं, हा काय वेडेपणा, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "तिकडं बी परकंच ना, बाई. हितं पोर तं हाय."

पगार नव्हता, तरी राखण चालू राहिली. पूर्वी लोक तिची नजर चुकवून एखादी मोळी आणायचे. आता मेलेली बाई डोंगर राखते म्हटल्यावर शेजारच्या पाड्यावरचीही गुरं कुणी तिकडे वळवेनात. तिच्या उंबऱ्यावर नागली, भात, कधी तेल असं काही ना काही ठेवलेलं असायचं, ठेवणारं कधी दिसायचं नाही. मी गेले की खालून हाक मारू शकायचे नाही, म्हणून टाळी वाजवायचे. पोरगीही तसंच करायची. शाळेतून आली की डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून टाळी वाजवायची, आणि वरून झाडांतून टाळी यायची. भर दुपारी, कुणी दिसत नसताना ती उत्तराची टाळी ऐकू आली की मी पायवाटेवर थबकायचे. पोरीला त्याचं काही नव्हतं. तिला आईचा आवाज म्हणजे तोच होता.

मध्यंतरी आजा गेला. घरातच, आपल्या खाटेवर, म्हणून त्याला खांब लागला नाही. तिच्या नवऱ्याच्या काकडाचे डोळे मिटले तेव्हाही मी तिथं होते. पाडा खाली जमला, एकानं मोठ्यानं त्याचं नाव घेतलं आणि सगळे कान देऊन उभे राहिले. ओ आली नाही, म्हणजे तो सुटला. लोक घरी जाऊन जेवले. ती लांब उभी राहून बघत होती. तिच्याकडे बघून प्रत्येकाच्या मनात एकच आलं असणार, कारण माझ्याही मनात तेच आलं. हिचे मिटतील तेव्हा काय?

पुढच्या दशकात कार्बनला पुन्हा भाव आला. नवे देणगीदार, नवे साहेब, आता ईमेल. त्यांना वर्षानुवर्षं राखलेला डोंगर हवा होता, आणि आमच्याकडे असा एकच होता. या साहेबांना मी आधीच सगळं खरं सांगून टाकलं, आणि ते म्हणाले, राई राहू द्या, तिचा कार्बन आम्ही धरणार नाही, पण डोंगर धरू. राखणीचे पैसे पुन्हा सुरू झाले. मानधन ती हातात घ्यायची नाही. मी उंबऱ्यावर ठेवायचे आणि पोरगी उचलायची.

राई आता मोजायची गरज नव्हती. तरी मी मोजायचे. दर उन्हाळ्यात तिच्या झाडाला टेप लावायचे, टेपचं दुसरं टोक तीच धरायची. स्वतःच्या कोरलेल्या तोंडावरून टेप नेताना ती नेहमी विचारायची, "किती भरले मी?" मी आकडा सांगायचे. झाड वाढलं की आनंद व्हायचा ही माझी इतक्या वर्षांची सवय, आणि या एका झाडाचा आकडा वाढला की मला तो वहीत लिहावासा वाटायचा नाही. डोळ्यांच्या फटी बारीक होत चालल्या होत्या. "आता लवकर," ती म्हणायची. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. पोरगी आश्रमशाळेत वरच्या वर्गात गेली होती. आठवतं तेव्हापासून तिनं आईला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. आईला ती एक हाक ऐकायची होती, आणि ती ऐकली की काय होईल, याचं तिला भय होतं. दोन्ही एकाच वेळी होतं. ती ते सांगायचीसुद्धा, "भ्या वाटतंय, बाई. पन पायजे."

शेवटच्या खेपेला मी गेले तो मे महिना होता. पानगळ झालेली. नवी पालवी टोकाला यायला लागली होती. आम्ही दोघी राईत गेलो, सुट्टीला आलेली पोरगी मागोमाग. तिच्या झाडाचा एक डोळा आदल्या वर्षीच मिटला होता. दुसऱ्याच्या जागी सालीची एक गुळगुळीत रेघ होती. मी बोट फिरवलं. कुठंही खाच लागली नाही.

तिनंही बोट फिरवलं. मग ती पोरीला म्हणाली, "जा खाली."

पोरगी काही न विचारता उतरून गेली. पाड्यावर कसं कळलं कुणास ठाऊक, घराघरातून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. माझ्या हातात टेप तसाच लोंबत होता. ती माझ्याशेजारी झाडाला टेकून उभी होती, आणि तिचा हात इतका गार होता की मी तो धरला आणि सोडला नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, हेही खरं.

खालून हाक आली. "आये!"

पोरीचा तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. चिरका, भसाडा, कधी न वापरलेला. तो डोंगरावर जाऊन आदळला आणि परत आला. पाड्यावरचे सगळे कान देऊन उभे होते, त्या दिवशी तिच्या नवऱ्यासाठी उभे होते तसेच. तिनं मान वळवली आणि आपल्या झाडाकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. वारा नव्हता. एक पान हललं नाही.

"आये!" पुन्हा खालून. या वेळी आवाजात रडू होतं.

तिनं आणखी थोडा वेळ झाडाची वाट पाहिली. झाड गप्पच राहिलं. मग तिनं माझा हात सोडवला, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि ओ दिली.